सर्व्हे तर झाला, आता रिझल्ट घेऊन गावात परत कसं जायचं

ज्या बायकांनी आपल्याला ओट्यावर बसवून चहा पाजला, बोट पुढं करून रक्त दिलं, घरातलं सगळं विश्वासानं सांगितलं, त्यांना त्या सर्व्हेतून पुढं काय निघालं हे बहुतेक वेळा कधीच कळत नाही. रिपोर्ट जिल्ह्याला जातो, पेपर छापून येतो, आणि गावात एवढंच उरतं की "ते रक्त तपासणारे आलेले". मी बरीच वर्षं फील्डवर काम करतेय आणि मला हे मनापासून चूक वाटतं, म्हणून एमपीएच (सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी) करणारी पोरं, संस्थेतले कार्यकर्ते, आशाताईंचं ट्रेनिंग घेणारे, सगळ्यांसाठी लिहितेय. उदाहरण रक्त कमी असण्याचंच घेते, कारण ते घराघरात आहे.

पहिलं म्हणजे परत जायचं हे सर्व्हेच्या आधीच ठरवा, बजेटमध्ये गाडीभाडं आणि दोन दिवस आत्ताच धरा, नाहीतर शेवटी पैसे संपतात आणि ते राहूनच जातं. संमतीपत्र वाचून दाखवतानाच सांगा की रिझल्ट घेऊन साधारण अमुक महिन्यात येऊ. एकदा शब्द दिला की मग जावंच लागतं.

आता आकडे. एनएफएचएस-५ मध्ये, म्हणजे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हेत, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांमध्ये ॲनिमिया, म्हणजे रक्त कमी, निघाला. हे मीटिंगमध्ये असंच बोललात तर सगळ्या माना डोलावतील आणि कुणालाच काही लागणार नाही. त्यापेक्षा समोर बसलेल्या दहा जणींना उभं करा आणि त्यातल्या पाच जणींना एक पाऊल पुढं यायला सांगा, म्हणावं दहातल्या निदान एवढ्या जणींचं रक्त कमी आहे. एकदम शांतता होते, मग कुणीतरी म्हणतं "म्हणजे आपल्यातल्याच की". तिथून खरं बोलणं सुरू होतं. फक्त उभ्या राहिलेल्या बायका नुसत्या उदाहरणाला आहेत, त्यांचा स्वतःचा रिपोर्ट तसा नाही, हे दोनदा सांगा.

शब्दांचंही तसंच. ॲनिमिया म्हणू नका, "रक्त कमी" म्हणा. पण त्याहून चांगलं म्हणजे बायका स्वतः काय म्हणतात ते आधी ऐका, पाणी भरून आलं की धाप लागते, डोळ्यापुढं अंधारी येते, पिंढऱ्या वळतात, आणि तेच शब्द तुमच्या चार्टवर लिहा. लहान पोरांच्या न्यूमोनियाला आई "पोट उडतंय" म्हणते, विदर्भात "डब्बा झाला" म्हणतात, तो शब्द तुमच्या कागदावर नसेल तर तो कागद तिच्यासाठी नाहीच.

यात गडचिरोलीचं काम मला कायम आठवतं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं न्यूमोनिया ओळखायला मण्यांचं एक साधं साधन केलं, कारण गावातल्या दाईला मिनिटभर श्वास मोजत मोठे आकडे लक्षात ठेवणं अवघड होतं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, एका मिनिटाच्या वाळूच्या घड्याळातली वाळू संपेपर्यंत लाल मण्यापर्यंत पोचलो तर बाळाला औषधाची गरज आहे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६० आणि दोन महिने ते वर्षभराच्या बाळाला ५० श्वास किंवा त्याहून जास्त म्हणजे धोका, हा पुस्तकातला नियम, तो अक्षर न येणाऱ्या बाईच्या हातात गेला. पुढं त्यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं, त्या गावांत तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू, जिथं हे काम नव्हतं अशा तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी होते, ते १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं आणि आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ज्या भेटी देतात त्याच्या मागे हे काम आहे. रिसर्च उपयोगी पडणं ते हे.

मीटिंग कधी घ्यायची यावर जरा जीव लावा. ग्रामसभेत विषय मांडाच, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा पकडा, पण तिथं बायका मागे बसतात आणि बोलत नाहीत, म्हणून बचत गटाची मीटिंग वेगळी घ्या, संध्याकाळी, कामावरून आल्यावर. कापूस वेचणीत नाहीतर भात लावणीत जाऊ नका, कुणाला वेळ नसतो. जानेवारीतलं हळदीकुंकू सगळ्यात बेस्ट, तिथं बायका आपणहून येतात.

माझ्याकडून एकदा मोठी चूक झाली ती सांगते. रिझल्ट सांगायला गेलो, प्रोजेक्टर लावला, छान स्लाइड्स, आणि शेवटी एका ताईनं विचारलं, "हे गावाचं झालं, माझं किती?" मी घाईत यादी काढून सगळ्यांसमोर तिचा एचबी, म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनचा आकडा, वाचला, सातच्याही खाली होता. तिची सासू शेजारीच बसलेली, ती लगेच म्हणाली "म्हणूनच काही काम होत नाही हिच्यानं". त्या ताईचा चेहरा मला अजून दिसतो. तेव्हापासून प्रत्येकीची चिठ्ठी बंद पाकिटात, एकेकीला बाजूला घेऊन, आणि आठच्या खाली असेल (गरोदर असेल तर सातच्या खाली) तर मीटिंगची वाट न बघता तपासणीच्या त्याच दिवशी पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, पाठवायचं.

मग येतो खरा प्रश्न, "मग आम्ही काय करायचं?" याचं उत्तर नसेल तर जाऊच नका. घरात काय करता येईल ते सांगा, गोळीवर लगेच चहा नको, लिंबू पिळून जेवा, आणि लोहाच्या गोळीनं संडास काळी होते, घाबरायचं नाही, हे एक वाक्य सांगायचं राहून जातं आणि गोळ्या उशाखाली पडून राहतात. "गोळी खाल्ली की बाळ फार मोठं होतं" ही भीतीही पुष्कळ ठिकाणी आहे, त्यावर हसू नका, नीट बोला, शक्यतो आशाताईला बोलू द्या, त्यांचं ऐकतात. पण सगळं बायकांवर ढकलू नका. उपकेंद्रात गोळ्याच संपल्या असतील तर ते गावानं मागायचं काम आहे, ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बैठकीत विषय घ्या, किती महिने साठा नव्हता ते तारखेसकट लिहून द्या. तुमच्या सर्व्हेचा कागद तिथं फार कामाला येतो, कारण तोंडी तक्रारीला "बघतो" म्हणतात आणि आकड्याला उत्तर द्यावं लागतं.

निघायच्या आधी "समजलं का" विचारू नका, सगळे हो म्हणतात. "घरी जाऊन सासूला काय सांगाल?" असं विचारा. जे ऐकू येईल तेवढंच पोचलंय, बाकीचं परत सांगा. अंगणवाडीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांतला एकच कागद लावा, त्यावर गावाचा रिझल्ट, गावानं ठरवलेली दोन कामं, आणि तुम्ही परत कधी येणार ती तारीख. आशाताईचा फोन नंबर तिला विचारूनच टाका, नाहीतर रात्री-अपरात्री सगळे फोन तिलाच जातात.