फ्रीबीएसडीची माहिती यंत्रातच सापडली

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील आमच्या लहानशा कार्यालयात फायली साठवण्यासाठी एका जुन्या संगणकावर फ्रीबीएसडी ही कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टीम) बसवली. परंतु तिला स्थिर आयपी पत्ता (नेटवर्कवरचा न बदलणारा क्रमांक) कसा द्यावा हे शोधू लागलो, तेव्हा इंटरनेटवर मिळालेली बहुतेक उत्तरे लिनक्स या वेगळ्या कार्यप्रणालीसाठीची निघाली आणि त्यांत सांगितलेल्या फायली आमच्या यंत्रात नव्हत्याच.

मग यंत्रातच असलेली माहितीची पाने दाखवणाऱ्या ‘मॅन’ या आज्ञेकडे वळलो. तिची पाने क्रमांकित विभागांत असतात: विभाग १ मध्ये नेहमीच्या आज्ञा, ४ मध्ये ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे प्रोग्राम), ५ मध्ये फायलींची रचना आणि ८ मध्ये व्यवस्थापनाच्या आज्ञा. नेमके नाव ठाऊक नसल्यास ‘अप्रोपॉस’ या आज्ञेला विषयाचा एखादा शब्द द्यावा, म्हणजे संबंधित पानांची यादी समोर येते. (ही सोय नवख्यांना आधी कोणी का सांगत नाही, हे मला कोडेच आहे.)

विभाग ४ मधील ‘आरई’ या पानावरून आमचे रिअलटेक नेटवर्क कार्ड ‘आरई०’ या नावाने दिसते हे समजले, तर विभाग ५ मधील ‘आरसी डॉट कॉन्फ’ या सेटिंग्जच्या फाइलच्या पानावर पत्ता आणि राउटर कोणत्या ओळींत लिहायचे ते मिळाले. मूळ मूल्ये ‘डिफॉल्ट्स’ निर्देशिकेतील त्याच नावाच्या फाइलमध्ये असतात. ती फक्त वाचावी आणि बदल ‘ईटीसी’ निर्देशिकेतील ‘आरसी डॉट कॉन्फ’मध्येच करावेत. त्यानंतर ‘नेटइफ’ (नेटवर्क कार्डसाठीची) व ‘राउटिंग’ (राउटरकडच्या मार्गासाठीची) या सेवा पुन्हा सुरू केल्यावर पत्ता लागू झाला. सविस्तर मांडणी हवी असेल तेव्हा प्रकल्पाचे अधिकृत हँडबुक वाचावे, मात्र आज्ञेच्या बारीकसारीक पर्यायांसाठी मला मॅनची पानेच अधिक भरवशाची वाटतात, कारण ती यंत्रावरील आवृत्तीसोबतच येतात.