जत्रेवर पीएचडी करायची तर

'गोव्यातला हिंदू-ख्रिस्ती सलोखा' हा विषय घेऊन मार्गदर्शकाकडे जाऊ नका. धर्माच्या समाजशास्त्रात येणाऱ्या निम्म्याअधिक मुलांना हेच सुचतं आणि प्रस्ताव तिथेच लटकतो. सलोखा हाती लागत नाही, मान (उत्सवातला कुणाचा हक्क आणि क्रम) लागतो. एकच गाव, एकच देवस्थान किंवा इगर्ज (चर्च) घ्या. पालखीला खांदा कुणाचा, पहिला प्रसाद कुणाला, खर्च कोण उचलतं, आणि यातलं कधी काय बदललं?

गोव्यातल्या शिरगावला लईराई देवीच्या जत्रेत होमकुंडाच्या (निखाऱ्यांवरून चालण्याच्या) रात्रीच जाल, तर गर्दीचे फोटो मिळतील. धोंडांशी (देवीचं व्रत धरणाऱ्या भक्तांशी) बोलायचं ते आधी, व्रताच्या दिवसांत. म्हापशाच्या इगर्जेतली मिलाग्रीस सायबीण (मेरी माता) लईराईची बहीण मानतात. तिच्या फेस्ताला (उत्सवाला) तेल घालायला येणारे हिंदू कुठल्या गावांतले, हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय होईल.

देवस्थानांचा कारभार अजून १९३३ च्या पोर्तुगीज कायद्याने चालतो. महाजन (देवस्थानाचा हक्कदार सदस्य) म्हणून कुणाची नोंद आहे आणि सेवा असूनही कुणाची नाही, हे आधी कागदावर पाहा. देवस्थान समितीची लेखी परवानगी घ्याच, पण तेवढ्यावर थांबलात तर उरलेला गाव तुम्हाला समितीचा माणूस समजतो. वाद कोर्टात असेल तर मग कुणी तोंड उघडत नाही. विद्यापीठाचं पत्र दोन्ही बाजूंना दाखवा. 'तुम्ही कुणाचे?' हा प्रश्न येणारच. आडनावाने काही घरं उघडतात, काही मिटतात; कुठली मिटली तेही टिपणात लिहा. कौल घेताना फोन खिशातच ठेवा आणि टिपणं त्याच रात्री पुरी करा. १९६१ पूर्वीचे बरेच कागद पोर्तुगीजमध्ये आहेत, म्हणून वाचण्यापुरती ती भाषा पहिल्याच वर्षी शिका. पणजीच्या पुराभिलेखात दुभाषा घेऊन बसणं परवडत नाही.

बाकी नियमांचं. पीएचडीच्या प्रवेशाला एमएला ५५ टक्के हवेत (खुला गट). नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेला ३ तासांत १५० प्रश्न, ३०० गुण. चुकीला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न सोडू नका. प्राध्यापकपदासाठी पुणे विद्यापीठाची सेट (राज्य पात्रता परीक्षा) गोव्यालाही चालते. पीएचडीला किमान ३ वर्षं धरा.

नोकरीच्या जाहिरातीत मात्र 'धर्म' हा शब्द जवळजवळ नसतोच. जागा समाजशास्त्राची असते, त्यामुळे सिद्धान्त आणि संशोधनपद्धती शिकवता यायला हव्यात. गोव्यातल्या सरकारी कॉलेजच्या जागेला कोकणी आवश्यक, मराठी असल्यास बरी. गोव्यातल्या १५ वर्षांच्या रहिवासाचा दाखला मुदतीच्या आत हातात हवा.