इकितोसला राहायला येताय? आधी नदीचं गणित समजून घ्या

इकितोस हे पेरूच्या लोरेतो प्रांतातलं लाखो वस्तीचं शहर, पण देशाच्या उरलेल्या भागातून तिथे रस्ता जात नाही. शहराबाहेर पडणारा एकमेव मोठा डांबरी रस्ता शंभरेक किलोमीटरवर नाउताला संपतो. येण्याजाण्याला राजधानी लिमाचं विमान, नाहीतर अ‍ॅमेझॉन नदी. सिमेंट, बटाटे, कांदे बोटीनं येतात. बोटी रखडल्या की भाव चढतात.

निघण्याआधी भारतातल्या अधिकृत केंद्रात पीतज्वराची लस घ्या, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी. लसीच्या दाखल्याचं पिवळं कार्ड आता जन्मभर चालतं. ते खरं लागतं परत जाताना: पेरूहून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि कार्ड नसेल, तर विलगीकरणात ठेवतात. सुट्टीचा पहिला आठवडा तिथे घालवायची हौस कुणाला असेल!

घर बघताना कोकणातला हिशोब इथे लावू नका. पाऊस बाराही महिने पडतो, पण नदी चढते ती मुख्यतः अँडीजमधल्या पावसानं. शहरात कडक ऊन असतानाही पाणी वाढत राहतं. साधारण एप्रिल-मेमध्ये ते सर्वांत वर असतं आणि ऑगस्ट ते ऑक्टोबरात तळाला जातं. दोन्हींत दहा मीटरच्या आसपास फरक पडतो. सप्टेंबरात नदीकाठच्या बेलेन वस्तीच्या खालच्या भागात किंवा पुंचाना भागातल्या सखल गल्लीत घर पाहिलंत तर अंगण कोरडं ठणठणीत दिसेल आणि भाडंही स्वस्त वाटेल. तेव्हा भिंतीवर किंवा खांबांवर पाण्याची तपकिरी रेघ शोधा. मालकाला नव्हे, शेजारणीला विचारा की २०१२च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं. घरात पाणी शिरलं नाही तरी शोषखड्डे भरून उलटे वाहतात, आणि खरा त्रास तोच. नौदलाचा जलमापन विभाग नदीची पातळी समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये जाहीर करतो. मार्चपासून तिकडे लक्ष ठेवा.

पत्र्याचं छप्पर दुपारी भट्टी पेटवतं आणि पावसात बोलणं बंद पाडतं. इरापाय या ताडाच्या पानांचं छप्पर गार, पण काही वर्षांनी बदलावं लागतं. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा, नाहीतर मागून बुरशी धरते. चामड्याचे बूट-पट्टे आणूच नका. नळाला दिवसभर पाणी असेलच असं नाही, म्हणून टाकी हवी आणि तिचं झाकण घट्ट हवं. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. प्यायचं पाणी उकळूनच.

सामान जास्त असेल तर नदीच्या वरच्या अंगाच्या पुकाल्पा किंवा युरिमाग्वास बंदराहून लांचा, म्हणजे मालवाहू प्रवासी बोट, घ्या. युरिमाग्वासहून सुमारे तीन दिवस, पुकाल्पाहून चार-पाच. उलट दिशेला, प्रवाहाविरुद्ध, जास्त. फळ्यावर खडूनं लिहिलेली सुटण्याची वेळ ही निव्वळ इच्छा समजा. माल भरला की बोट सुटते. झोपायला टांगायची झोळी आणि तिच्या दोन्ही टोकांना दोन-दोन मीटर दोरी बाजारातून घ्या, काही तास आधी चढा आणि वरच्या मजल्यावर इंजिन, संडास व दिवा यांपासून दूर जागा धरा. दिव्याखाली रात्रभर किडे पडतात. स्वतःचा डबा-चमचा लागतो. बॅग झोळीखाली खांबाला कुलपानं बांधा. चादर घ्या, नदीवर पहाटे कुडकुडायला होतं. पाणी ओसरलेलं असताना बोट वाळूत रुतते, तेव्हा एक-दोन दिवस हाताशी ठेवा.

स्वयंपाकाचं फारसं अडत नाही. हळद इथे ‘गिसादोर’ म्हणून मिळते, जिरं ‘कोमिनो’. ‘साचाकुलान्त्रो’ची लांब पानं कोथिंबिरीसारखीच वास देतात, फक्त उग्र, म्हणून निम्मीच घाला. तुरीची डाळ मिळत नाही; ‘आर्वेखा पार्तिदा’ (वाटाण्याची डाळ) हळद घालून कुकरला लावली की वरण होतं. तूर ‘पुस्पो पोरोतो’ नावानं शेजारच्या सान मार्तिन भागात पिकते, पण अख्खी. आंबटाला कोकोना हे फळ भाजून, आखी चारापिता मिरचीबरोबर ठेचा. ही मिरची वाटाण्याएवढी असते आणि दोन पुरतात. आणायचंच तर हिंग आणि गोडा मसाला सीलबंद पाकिटात आणा. शाकाहाऱ्यांनी ‘सिन कार्ने’ (मांस नको) एवढंच म्हणून थांबू नये, कारण कोंबडी आणि मासा त्यात धरत नाहीत. दोन्हींची नावं घेऊन नको म्हणा. ताकाचो हे भाजलेल्या कच्च्या केळ्याचे गोळे डुकराच्या चरबीत कुटतात, तेही विचारून घ्या. चोंता (ताडाच्या गाभ्याच्या फिती) आणि इंगिरी (उकडलेलं कच्चं केळं) मात्र निर्धास्त खा.

बेलेनच्या बाजारात कासव आणि रानातलं मांस उघड्यावर दिसतं. उघड्यावर आहे म्हणून कायदेशीर आहे असं नाही, घेऊ नका. भाजीसाठी एकच बाई धरा. ती तुम्हाला ‘कासेरो’ (नेहमीचं गिऱ्हाईक) म्हणायला लागली की मूठभर वरताळा आपोआप पडतो.

ताप आला तर आधी पॅरासिटामॉलच. आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन घेऊ नका, डेंग्यू असला तर रक्तस्राव वाढतो. सरकारी आरोग्य केंद्रात जाऊन ‘गोता ग्रुएसा’ मागा; बोटातून थेंबभर रक्त घेऊन मलेरिया तपासतात. लोरेतोत मलेरियाचे व्हायवॅक्स आणि फाल्सिपॅरम असे दोन्ही प्रकार असल्यानं अंदाजानं गोळ्या घेऊ नयेत. व्हायवॅक्सच्या औषधांचा पूर्ण क्रम संपवा, नाहीतर यकृतात लपलेले जंतू महिन्यांनी पुन्हा उठतात.