जहाजावरच्या बॅटऱ्यांच्या कामात यायचंय?

इलेक्ट्रिकल करून या क्षेत्रात येऊ पाहणारी मुलं-मुली मला हमखास केमिस्ट्रीबद्दल विचारतात. लिथियम बॅटरीच्या दोन प्रकारांपैकी एलएफपी चांगली की एनएमसी? सेल बनवणाऱ्या कंपनीत जायचं असेल तर ठीक आहे. पण मुंबईत काम असतं ते बॅटरी जहाजात बसवण्याचं, तपासण्याचं आणि चालती ठेवण्याचं. त्यासाठी जहाजाला वीज कधी आणि किती लागते हे आधी कळायला हवं.

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी बोट घ्या. समजा, ती तासभर सरासरी ४०० किलोवॅट ओढते. झाले ४०० युनिट. पण बॅटरी दर फेरीला तळापर्यंत रिकामी केली तर लवकर म्हातारी होते. म्हणून ७० टक्केच वापरायची ठरवली, की ५७० युनिटची बॅटरी लागते. पुढे क्षमता ८० टक्क्यांवर येणार हे धरलं, की आकडा ७१५ च्या आसपास जातो. आडव्या वाऱ्यासाठीची राखीव वीज अजून धरलेलीच नाही. आणि खरी गोची जेट्टीवर आहे. वीस मिनिटांत ४०० युनिट भरायचे तर १२०० किलोवॅटचा सप्लाय लागतो, तोही चार्जिंगमधला लॉस सोडून. नॉर्वेत २०१५ साली ‘अँपिअर’ ही इलेक्ट्रिक फेरी सुरू झाली, तेव्हा काठावरच्या गावांचं ग्रिड एवढा भार पेलणारं नव्हतं. म्हणून दोन्ही धक्क्यांवर वेगळ्या बॅटऱ्या ठेवल्या. त्या सावकाश भरतात आणि फेरी लागली की तिला भराभर देतात. असं गणित कागदावर मांडता येत असेल, तर इंटरव्ह्यूत निम्मं काम झालं समजा.

प्रत्येक जहाज पूर्ण बॅटरीवर चालेल, ही आशा आधीच सोडा. बॉम्बे हायला जाणारं सप्लाय व्हेसल प्लॅटफॉर्मशेजारी डीपीवर (म्हणजे नांगर न टाकता, कॉम्प्युटरने प्रोपेलर चालवून एका जागी) उभं असतं, तेव्हा एक जनरेटर दगावला तर पंचाईत नको म्हणून जास्तीचा जनरेटर कमी लोडवर नुसता फिरवत ठेवतात. बॅटरी तो राखीव भार उचलू शकते. माझ्या मते आपल्याकडे पुढची बरीच कामं याच प्रकारची असतील.

सुरक्षेचा भाग मात्र सावकाश शिका. ब्रेकर पाडला तरी बॅटरीचे टर्मिनल जिवंतच राहतात. कित्येक शे व्होल्टचा डीसी आर्क एसीसारखा शून्यातून जात नाही, त्यामुळे तो सहज विझत नाही. सेल तापून थर्मल रनअवेत गेला, म्हणजे त्याची उष्णता आपोआप वाढतच गेली, की ज्वलनशील आणि विषारी गॅस सोडतो. २०१९ मध्ये नॉर्वेतल्या ‘युतेरयनिंगन’ फेरीवर आग लागली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साठलेल्या गॅसचा स्फोट झाला. म्हणूनच गॅस डिटेक्टर आणि एक्झॉस्ट फॅन यांच्याकडे बीएमएसइतकंच (बॅटरीवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेइतकंच) लक्ष द्या.

मुंबईची आणखी एक खासियत म्हणजे दमटपणा. जुलैत इथला ड्यू पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होतं तो, २५ अंशांच्या आसपास असतो. कोणीतरी उत्साहाने बॅटरी थंड ठेवणाऱ्या कूलंटचं तापमान त्याच्या खाली उतरवतो आणि मग थंड पाइपांवर पाणी धरतं. इन्सुलेशन रेझिस्टन्स घसरला की अलार्म वाजू लागतात, आणि सगळे सॉफ्टवेअरला शिव्या घालतात! पावसाळ्यात बोट उभी करायची असेल तर बॅटरी शंभर टक्के भरून ठेवू नका, निम्म्याच्या आसपास ठेवा. बाकी मेकर सांगेल तसं.

वाटा तीन. जहाजावर जायचं तर डीजी शिपिंगची (केंद्राच्या जहाज महासंचालनालयाची) मान्यता असलेला ईटीओ, म्हणजे इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसरचा कोर्स. किनाऱ्यावर राहायचं तर यार्ड किंवा सिस्टीम इंटिग्रेटर, तिथे पगार सुरुवातीला बेताचाच. तिसरी वाट क्लासची, म्हणजे जहाजं तपासून प्रमाणित करणाऱ्या संस्थांची. त्यातल्या आयआरएसचं (इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग) ऑफिस तर पवईतच आहे. पण सर्व्हेअर व्हायच्या आधी थोडं यार्डात घाम गाळलेला बरा, नाहीतर ड्रॉइंग आणि प्रत्यक्ष वायरिंग यांतला फरक कळत नाही.

जहाजावर पहिल्यांदा गेलात की बॅटरी रूमची गॅस बाहेर सोडणारी व्हेंट डेकवर कुठे उघडते ते बघा. ती प्रवाशांच्या बाकांजवळ किंवा एसीच्या हवेच्या तोंडाशी दिसली, तर तिथेच थांबून मंजूर ड्रॉइंग मागा.