गोव्यात सामुदायिक मानसशास्त्राचे स्थानिक जाळे कसे उभारावे

सामुदायिक मानसशास्त्र माणसाच्या मनाकडे पाहताना त्याच्या भोवतालची परिस्थिती आधी विचारात घेते. अमेरिकेतील स्वॅम्पस्कॉट येथे १९६५ साली भरलेल्या परिषदेपासून या शाखेचा आरंभ मानला जातो, आणि रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट पाहण्याऐवजी वस्तीत, शाळेत व कामाच्या ठिकाणी ताण जिथे निर्माण होतो तिथेच काम करावे, ही तिची मूळ भूमिका आहे. गोव्यात याचा अर्थ समजावून सांगावा लागू नये. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी बंद पडल्या तेव्हा डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत ट्रकमालकांपासून गॅरेजवाल्यांपर्यंत सगळ्यांची मिळकत एकाच वेळी आटली. तेथील अस्वस्थता एकेकाला समुपदेशकासमोर बसवून दूर होणारी नव्हती.

अशा विषयात रस असणाऱ्यांचे जाळे बांधताना पहिला निर्णय क्षेत्राचा घ्यावा. राज्य लहान असल्यामुळे ‘अखिल गोवा’ असे नाव देण्याचा मोह होतो, परंतु पेडण्याचा शिक्षक आणि काणकोणची अंगणवाडी सेविका संध्याकाळच्या बैठकीला नियमित एकत्र येणे शक्य नाही. एखादे बाजाराचे गाव आणि त्याभोवतीची चार-पाच गावे एवढेच क्षेत्र पुरे. उदाहरणार्थ फोंडा शहर आणि त्याच्यासोबत बांदोडा, कवळे, मडकई.

त्यानंतर माणसे शोधावीत. मानसशास्त्राचे विद्यार्थी व प्राध्यापक सहज सापडतात, बांबोळीच्या मनोविकार व मानवी वर्तन संस्थेशी संबंधित कोणी भेटला तर उत्तमच. पण मंडळी एवढीच राहिली तर ते अभ्यासमंडळ होते, जाळे होत नाही. पदवी नसलेल्यांना यात स्थान का, अशी शंका आपल्याकडे तरी कोणी घेऊ नये. १९९६ साली गोव्यात स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेच्या संशोधकांनी प्रशिक्षित स्थानिक सल्लागारांना नैराश्य व चिंतेच्या रुग्णांच्या उपचारात सामील करून घेतले होते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सरकारी आरोग्य केंद्रांत त्याचा लाभ स्पष्ट दिसला, खाजगी डॉक्टरांकडे मात्र तसा फरक आढळला नाही. काम कोण करतो याइतकेच ते कोणत्या व्यवस्थेत होते यालाही महत्त्व असते, हे या फरकावरून सुचते, आणि आपल्या विषयाचा गाभा नेमका तोच आहे.

म्हणून अंगणवाडी सेविका, मुख्याध्यापक, स्वयंसाहाय्य गटाची अध्यक्षा, भजनी मंडळातील जाणती व्यक्ती, चर्चच्या कामात असलेले गृहस्थ, पंच या सर्वांना प्रत्यक्ष घरी जाऊन भेटावे. निरोप पाठवून हे काम होत नाही. प्रत्येकाला एकच गोष्ट विचारावी: गावात कोणाला अडचण आली तर लोक प्रथम कोणाकडे जातात? उत्तरे वहीत लिहीत गेल्यास काही नावे वारंवार येऊ लागतात. ती माणसे बहुधा कोणत्याही पदावर नसतात, आणि जाळ्याला सर्वाधिक गरज त्यांचीच असते.

पहिली बैठक वाचनालयात किंवा शाळेत घ्यावी. देवळाचे सभागृह सोयीचे असले तरी गावातील काहींना ते आपले वाटणार नाही. चतुर्थी, शिगमो, जत्रा आणि चर्चच्या फेस्ताचे दिवस टाळावेत, तसेच रविवारची सकाळही. बोलणे कोंकणीतून व्हावे, इतिवृत्त मराठीतून लिहिले तरी चालते.

बैठकीत ‘मानसिक आरोग्य’ असा व्यापक विषय ठेवल्यास भाषणे होतात. त्याऐवजी मुले परदेशी किंवा तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरीला, असल्यामुळे एकट्या राहणाऱ्या वृद्धांकडे संध्याकाळी कोण जाते, एवढा एकच प्रश्न घ्यावा, आणि पुढील बैठकीपर्यंत प्रत्येकाने आपल्या वाड्यापुरते, म्हणजे वस्तीपुरते, त्याचे उत्तर आणावे. एकत्र केलेले काम नसेल तर केवळ आवडीच्या बळावर अशी मंडळे फार काळ तग धरत नाहीत, असे माझे मत आहे.

सहा महिन्यांनी स्वतःची तपासणी करावी. मॅकमिलन आणि चॅविस या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ साली समुदायभावनेचे चार घटक सांगितले: सदस्यत्व, प्रभाव, गरजांची पूर्तता आणि सामाईक भावनिक नाते. आपल्याकडे दुसरा घटक, म्हणजे प्रत्येकाच्या म्हणण्याला वजन असणे, बहुधा लंगडा पडतो, कारण प्राध्यापक बोलतात आणि सेविका चहा देतात. अध्यक्षस्थान आळीपाळीने द्यावे आणि विषय ठरवण्याचा अधिकारही त्या दिवशीच्या अध्यक्षाकडेच असावा.

गोपनीयतेबाबत मात्र कोणतीही सवलत ठेवू नये. लहान गावात नाव न घेणे पुरेसे नसते. वाडा आणि वय सांगितले की माणूस ओळखला जातो. मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला आहे, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप गटावर कोणाचीही हकिगत लिहू नये, हा नियम पहिल्याच दिवशी वाचून दाखवावा. जाळे उपचार करत नाही, हेही तेव्हाच स्पष्ट करावे. कोणी संकटात असल्यास चोवीस तास चालणाऱ्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आणि जवळच्या आरोग्य केंद्राचा पत्ता प्रत्येक सदस्यापाशी असावा.

नोंदणीची घाई करू नये. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात सदस्य पुरतात, पण पदे निर्माण झाली की ती कोणाला द्यायची यावरून वाद सुरू होतात. अनुदान घेण्याची वेळ येईपर्यंत एक समन्वयक, एक सहायक आणि एक वही यांवर भागते. वहीत जमलेल्या माहितीवरून एखादी मागणी पुढे आली, समजा वृद्धांसाठी आरोग्य केंद्रापर्यंत वाहनाची, तर ती ग्रामसभेत जाळ्याच्या नावाने न मांडता त्याच गावच्या सदस्याने मांडावी. ग्रामसभा त्या गावच्या मतदारांची असते, आणि बाहेरून आलेल्या मंडळाचा ठराव तिथे सहसा ऐकून घेतला जात नाही.