लुक्का पाहताना आधी तटावर चढावे

इटलीतील तोस्काना प्रांतातील लुक्का हे शहर पिसाहून रेल्वेने अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे. स्थानक शहराला वेढणाऱ्या तटबंदीच्या दक्षिणेला, बाहेरच्या बाजूस आहे. बहुतेक प्रवासी तिथून थेट वेशीतून आत शिरतात. माझे आग्रहाचे सांगणे असे की, समोरच्या हिरवळीतली पायवाट धरून सान कोलोम्बानो बुरुजातून आधी तटावर चढावे.

सोळाव्या शतकात सुरू होऊन सतराव्या शतकाच्या मध्यास पुरा झालेला हा तट तोफांचा मारा सोसण्यासाठी आत माती भरून इतका रुंद बांधला आहे की, आज त्यावर झाडांच्या सावलीतला प्रशस्त रस्ता आहे. शत्रूने त्यावर कधी हल्ला केला नाही. मात्र 1812 साली सेर्कियो नदीला पूर आला, तेव्हा याच तटाने शहर वाचवले. सुमारे 4.2 किलोमीटरची ही फेरी चालत तासाभरात होते, सायकलही भाड्याने मिळते. फेरीची घाई करू नये, कारण उत्तरेकडच्या भागातून फान्नेर वाड्याची पुतळ्यांनी सजलेली बाग वरूनच दिसते.

तिथेच खाली उतरून सान फ्रेदियानो चर्चच्या दर्शनी भिंतीवरचे सोनेरी मोझेक पाहावे आणि अँफिथिएटर चौकाकडे वळावे. रोमन प्रेक्षागाराच्या अवशेषांवर घरे उभी राहिल्याने हा चौक लंबवर्तुळाकार झाला आहे. मधली दाटी हटवून तो 1830 साली वास्तुविशारद लोरेन्झो नोत्तोलीनी यांनी मोकळा केला. पण आत शिरण्याआधी बाहेरच्या गोल गल्लीतून एक फेरी मारावी. घरांच्या गिलाव्यातून डोकावणाऱ्या रोमन कमानी तिथेच नजरेस पडतात, आणि दोन हजार वर्षांची वस्ती एकाच भिंतीत कशी सामावली आहे हे हाताच्या अंतरावरून कळते.

फिल्लुंगो रस्त्याने दक्षिणेकडे येताना ग्विनीजी मनोरा डाव्या हाताला राहतो. माथ्यावर ओक वृक्ष वाढलेल्या या मनोऱ्याच्या दोनशेहून अधिक पायऱ्या चढण्याची तयारी असेल, तर वरून सगळा तट एका नजरेत येतो. सान मिकेले चर्च मात्र समोरून पाहून पुढे जाऊ नये. बाजूला उभे राहिले की दर्शनी भिंत छपरापेक्षा कितीतरी उंच गेलेली दिसते.

शेवटी कॅथेड्रलमध्ये जावे. ओसरीतील एका खांबावर कोरलेला छोटा चक्रव्यूह शोधून काढावा आणि मग इलारिया देल कार्रेत्तो हिच्या समाधीपाशी निवांत थांबावे. 1405 साली ऐन तारुण्यात वारलेल्या या स्त्रीची संगमरवरी प्रतिमा याकोपो देल्ला क्वेर्चा याने घडवली आहे. पायथ्याकडच्या बाजूला जाऊन थोडे वाकावे, म्हणजे तिच्या पावलांशी बसलेला कुत्रा मान वर करून तिच्याकडे पाहताना दिसेल.