टास्क कधीतरीच वेळ चुकवतो? लिनक्सवर या चुका टाळा

हजार वेळा वेळेवर जागा होणारा टास्क एखाद्या वेळी तीन मिलिसेकंद उशिरा उठतो आणि मोटारीला झटका बसतो. मग बहुतेक जण त्याचं प्राधान्य थेट 99, म्हणजे सर्वोच्च, करतात. ते करू नका.

प्रीएम्प्ट-आरटी कर्नलमध्ये, म्हणजे वेळ काटेकोर पाळणाऱ्या लिनक्सच्या गाभ्यात, इंटरप्ट (हार्डवेअरच्या हाका) हाताळणारे थ्रेडही शेड्युलरच्याच, म्हणजे कोण कधी धावेल ते ठरवणाऱ्याच्या, रांगेत असतात, साधारणतः 50 या प्राधान्यावर. तुमचा टास्क 99 वर बसून लूपमध्ये नेटवर्क पॅकेटची वाट पाहत राहिला, तर पॅकेट आणून देणाऱ्या त्याच कोअरवरच्या थ्रेडला तो धावूच देत नाही. टास्कला लागणारा इंटरप्ट थ्रेड त्याच्या वर ठेवा, बाकीचे खाली. आणि लूपमध्ये फिरण्याऐवजी ब्लॉक होऊन थांबा. दर सेकंदाला सुमारे 50 मिलिसेकंदांचा खंड दिसत असेल, तर टास्क कोअर सोडतच नाहीये आणि शेड्युलर उपाशी प्रोसेसना वेळ काढून देतोय. तिथे शेड्युलरची ही मर्यादा उठवू नका, लूप दुरुस्त करा.

मुळात कर्नल तपासलात का? 2024 मध्ये आलेल्या 6.12 पासून प्रीएम्प्ट-आरटी मुख्य कर्नलमध्ये आहे, पण बिल्ड करताना तो पर्याय निवडावा लागतो. कर्नलची माहिती देणाऱ्या 'यूनेम' कमांडच्या उत्तरात तो दिसायला हवा.

सगळ्यात फसवी चूक म्युटेक्सची, म्हणजे एका वेळी एकाच टास्कला आत सोडणाऱ्या कुलपाची. खालच्या प्राधान्याच्या टास्कने कुलूप धरलं, त्याला मधल्याने बाजूला सारलं, की त्याच कुलपासाठी थांबलेला वरचा ताटकळतो. 1997 मध्ये मंगळावरचं पाथफाइंडर यान याच कारणाने पुन्हा पुन्हा रीसेट होत होतं. तिथली कार्यप्रणाली व्हीएक्सवर्क्स होती. प्राधान्य-वारसा, म्हणजे कुलूप धरणाऱ्याला थांबलेल्याचं प्राधान्य तात्पुरतं देण्याची सोय, पृथ्वीवरून चालू केल्यावर ते रीसेट थांबले. लिनक्सवरच्या पीथ्रेड लायब्ररीच्या म्युटेक्समध्येही हा वारसा आपणहून चालू नसतो, प्रत्येक म्युटेक्सला सांगावा लागतो.

सुरुवातीलाच 'एमलॉकऑल' करून प्रोग्रामची सगळी मेमरी रॅममध्ये अडकवून ठेवा, नाहीतर पेज फॉल्ट (हवं ते पान रॅममध्ये नसणं) ऐनवेळी गाठतो. प्रोसेसरची गाढ झोपही मर्यादित ठेवा, तिच्यातून उठायला वेळ लागतो.

मोजताना रिकाम्या मशीनवर दोन मिनिटं 'सायक्लिकटेस्ट' (टास्क किती उशिरा उठतो ते मोजणारी चाचणी) चालवून सरासरी पाहणं, हे मला सगळ्यात घातक वाटतं. डिस्क, नेटवर्क, मेमरी सगळ्यांवर भार टाकून ती रात्रभर चालवा आणि फक्त कमाल आकडा पाहा. सगळं करूनही मोठे उसळे येत असतील तर 'एचडब्ल्यूलॅटडिटेक्ट' लावा. ते फर्मवेअरने, म्हणजे बोर्डमध्येच बसवलेल्या बायोससारख्या सॉफ्टवेअरने, चोरलेला वेळ दाखवतं. तिथे शेड्युलरचं काही चालत नाही. बायोसची सेटिंग बदलावी लागते, नाहीतर बोर्डच.